अप्पांच्या खिडकीखालचा पंप

या, अशा जवळ या. तिथे उंबऱ्यात उभं राहून "काकू, कशा आहात?" विचारायचं आणि मी तोंड उघडायच्या आत चपला घालायच्या, ही तुमची पद्धत मला पाठ आहे. आज ती चालायची नाही. बसा. पाणी हवं तर माठातलं घ्या, आणि घेता घेता थोडं ऐकूनही घ्या माझं.

रोज सकाळी नळ सोडता, बादली भरता, आंघोळ करून कामावर पळता. तिसऱ्या मजल्यावर हे पाणी कोण आणून देतं, म्हणून कधी जिन्याखाली वाकून पाहिलंत? नाही ना? ज्या दिवशी नळ नुसता हुंकार देतो, त्या दिवशी मात्र अख्खी इमारत जिन्याखाली जमते, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "पंप लहान पडतोय, मोठा बसवा." हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. दिवाळी अंकाच्या बाई मागे लागल्या, "काकू, तुमच्या धंद्याचं काहीतरी लिहा." म्हटलं, लिहिते, पण त्या वाक्याचा सोक्षमोक्ष लावते.

शनिवार पेठेत आमचं पंपांचं दुकान होतं. आमचं म्हणजे ह्यांचं. हे सकाळी दुकान उघडायचे, देवाच्या तसबिरीला उदबत्ती लावायचे, "जरा मंडईतून येतो" म्हणायचे आणि जेवायच्या वेळेला हातात चार लिंबं घेऊन उगवायचे. चार लिंबं निवडायला एवढा वेळ कसा लागतो, हे मला आजही उमगलेलं नाही. मंडईत ह्यांच्या ओळखी फार. तेवढ्या वेळात दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि माझ्याकडे बघून विचारायचं, "साहेब कधी येतील?" मी म्हणायचे, "साहेब आले तरी मलाच विचारणार आहेत. तुम्ही थेटच विचारा."

मी मॅट्रिक, पुढे कॉलेज नाही. पंप बनवणाऱ्यांची माहितीपत्रकं यायची इंग्रजीत. मुलांचा शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचायची, अडलं की जे सापडेल त्याला विचारायचं. फिटर, कारखान्यातले विक्रेते, एकदा तर पंपाची मोटर गुंडाळून देणाऱ्या म्हाताऱ्याला मी इतकं पिडलं की तो म्हणाला, "बाई, तुम्हीच गुंडाळा, मी चहा करतो." असं करत करत शिकले.

तर आधी तुम्हाला धंदा थोडक्यात सांगते. जांभई देऊ नका, यात भाकरीही आहे.

तुम्ही म्हणता, पंप पाणी ओढतो. ओढत नाही. पंपाच्या पोटात एक पंखा असतो, तो पाणी गरगरवून बाहेर भिरकावतो. त्यामुळे पंख्याच्या मधोमध जागा मोकळी होते. इकडे खाली हौदातल्या पाण्यावर आपली ही हवा बसलेली असते. तिचं वजन पाण्याला दाबतं आणि त्या मोकळ्या जागेत ढकलतं. म्हणजे बघा, पंपातून वर जाताना पाण्याच्या पाठीशी मोटरची ताकद असते. पंपाकडे येताना मात्र फक्त हवेचा हात. आणि तुम्ही केवढाही मोठा पंप आणलात तरी हवेचा हात काही मोठा होत नाही. एवढं कळलं की माझा निम्मा धंदा तुमच्या हातात आला.

म्हणून येणारा पाइप जाड ठेवायचा, आखूड ठेवायचा, सरळ ठेवायचा. जाणारा थोडा बारीक चालतो. मी गिऱ्हाइकांना सांगायचे, पंपाकडे येणारं पाणी जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या आजोबांच्या चालीने यावं. म्हणजे सेकंदाला एक मीटर, फार तर दीड. वर जाणारं पाणी कॉलेजला उशीर झालेल्या पोरीच्या चालीने गेलं तरी हरकत नाही, दोन-अडीच मीटरपर्यंत. लोक काय करतात? पंपाचं तोंड केवढं ते बघतात आणि तेवढाच, नाहीतर त्याहून बारीक पाइप लावतात. मग आजोबांना बिचाऱ्यांना पोरीसारखं धावावं लागतं.

आणि पाइप दुप्पट जाड केला तर चाल निम्मी होते, असं वाटतं ना? निम्मी नाही, चौथाई होते. खरं वाटत नसेल तर भाकरी थापून बघा. जाडी तीच ठेवून दुप्पट रुंद भाकरी करायची तर पिठाचा उंडा दुप्पट पुरत नाही, चौपट लागतो. पाइपाच्या तोंडाचंही तसंच आहे. ही भाकरी मी कितीतरी इंजिनियरांनाही खिलवली. ते हसायचे, म्हणायचे, "काकू, आम्ही हे सूत्र पाठ केलं होतं, पण भूक आज लागली." चांगली होती हो ती पोरं.

आता पाण्याला धावायला लावलं तर काय होतं? ते कासावीस होतं. बारीक पाइप, त्यात वळणावर वळण. हवेने दिलेला धक्का वाटेतच संपतो. पंपाच्या तोंडाशी दाब इतका पडतो की गार पाणी उकळायला लागतं. हसू नका, खरंच उकळतं, गारच्या गार. त्याचे बुडबुडे पंख्यावर जाऊन फटाफट फुटतात. आवाज येतो पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. थोड्या महिन्यांनी पंप उघडावा तर पंख्याला वाळवी लागलेली. हा खड्यांचा आवाज मी फोनवरूनही ओळखायचे. गिऱ्हाईक सांगायचं, "पंपात दगड गेलेत." मी म्हणायचे, "दगड नाही गेले, पाइप बारीक लावलाय, फोन खाली ठेवा आणि वळणं मोजा."

एवढं झालं शिक्षण. आता गोष्ट.

बाजार खुला झाला त्यानंतरची. त्याआधी पंप नोंदवला की वाट बघत बसायचं. मग एकदम दुकानात रंगच रंग आले, निळे पंप, हिरवे, नारिंगी. पुढे काही वर्षांत तिकडे हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत कामाला जाणारी, त्यांत कामाला जायची स्वप्नं बघत कसले कसले क्लास लावणारी पोरंपोरी गावोगावहून आमच्या पेठांत राहायला आली. घरं तीच, हौद तेच. बादल्या मात्र वाढल्या.

अशात एके दिवशी सकाळी सुनंदा दुकानात आली. पदराने घाम पुसत, थेट म्हणाली, "काकू, मोठा पंप द्या जी. तुमच्यापाशी असंल त्याच्यात सगळ्यात मोठा."

सुनंदा यवतमाळकडची. नवऱ्याला कारखान्यात काम होतं म्हणून पुण्यात आली, कारखाना बंद पडला. मग हिने नारायण पेठेत एका तीन मजली इमारतीचे वरचे दोन मजले भाड्याने घेऊन मुलींचं होस्टेल काढलं. हातचं जेवण आणि कडक शिस्त. पोरी तिला सुनंदाताई म्हणायच्या आणि टरकून असायच्या.

त्या दिवशी नेमके हे दुकानातच होते. "सगळ्यात मोठा" हे शब्द ऐकताच ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. उठलेच गोदामाकडे. मी म्हटलं, "बसा. आधी मला विचारू दे." हे म्हणाले, "गिऱ्हाईक मागतंय ते द्यावं." मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊन तुम्ही सगळ्यात मोठी गोळी मागता का?" हे लिंबं आणायला गेले.

मी सुनंदाला विचारलं, "पंपाचा आवाज कसा येतो गं?"

"काय सांगू काकू. चणे भाजून राह्यलं कोणी, असा. अन् पाणी पाह्यलं तं करंगळीएवढं. टाकी भरतच नाही. पोरी आंघोळीले बादली घेऊन रांगेत. दोघीजणी तं सोडून गेल्या. अन् खालचे अप्पा म्हंतात का या आवाजानं त्यांचं काम होत नाही, पंप काढा. मालकानं सांगून टाकलं, अप्पा जे म्हंतील ते. येत्या शनिवारपर्यंत आवाज नाही थांबला तं पंप बंद. पंप बंद झाला तं वर पाणी नाही. पाणी नाही तं पोरी नाही. मंग मी काय करू, काकू? गावाले जाऊ?"

हे ती रडून नाही म्हणाली. भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली.

म्हटलं, "मोठा पंप तुला मुळीच देत नाही. घट्ट बासुंदी बारीक नळीने ओढायची असली तर पैलवान बसवून काय उपयोग? नळीच चपटी होईल. चल, आधी पाइप दाखव."

आमचा प्लंबर दत्तू, खडकवासल्याकडचा, त्याला बरोबर घेतलं आणि गेलो.

इमारतीच्या अंगणात जमिनीखाली हौद. हौदाला लागूनच तळमजल्यावर अप्पांची खोली, पुढे कट्टा, कट्ट्यावर खिडकी. अप्पा पेटी दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे गाण्याची, हार्मोनियम. खिडकीत पाटी होती, "सूर लावणे चालू आहे. मोठ्याने बोलू नये. हळूही बोलू नये."

आणि पंप कुठे? थेट पलीकडे, मागच्या जिन्याखाली. हौदातून निघालेला पाइप अप्पांच्या कट्ट्याला वळसा घालत होता, मग खिडकी चुकवत होता, मग त्यांच्या दाराशी रांगोळी काढायची जागा सोडून भिंतीला चिकटत होता, मग एका जाईच्या वेलाला मान देऊन वर चढत होता, पुन्हा खाली उतरत होता, आणि एवढी प्रदक्षिणा झाल्यावर धापा टाकत पंपाला पोचत होता. तोही एक इंची! मी दत्तूकडे पाहिलं. दत्तू म्हणाला, "वहिनी, ह्यो पाइप हाय का साप हाय?"

सुनंदाने खुलासा केला. पंप बसवताना अप्पांनी अटी घातल्या होत्या. पंप माझ्यापासून लांब पाहिजे, पाइप माझ्या कट्ट्यावरून जाता कामा नये, आणि अंगठ्यापेक्षा जाड चालणार नाही, जाड पाइप म्हणजे जाड आवाज. भांडण नको म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. शांतता राहावी म्हणून वाटेल ते मान्य करून टाकायची आपल्याकडे पद्धतच आहे. मग जे मान्य केलं त्याचाच आवाज येत राहतो.

त्या जाईपाशी पाइपाला जो उंचवटा दिला होता ना, ती आणखी एक गंमत. पंपाकडे येणाऱ्या पाइपात उंचवटा कधी ठेवू नये. तिथे हवा जाऊन बसते, आणि एकदा बसली की "जेवूनच जाईन" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी उठत नाही. मला एक बंगलेवाले आठवतात, त्यांनी तर बागेत पाइपाची छान कमान केली होती, वर वेल सोडायला. वेल जोरात आला. पाणी नाही आलं.

उपाय मला दिसत होता. पंप जिन्याखालून काढायचा, हौदाच्या शेजारी आणायचा. दोन इंची आखूड पाइप सरळ हौदात सोडायचा. संपलं. फक्त हौदाच्या शेजारची जागा म्हणजे अप्पांच्या खिडकीच्या बरोबर खाली. आवाजाचा ज्यांना त्रास, त्यांच्या उशाशीच पंप आणायचा होता! हे त्यांना सांगायचं कोणी? दत्तू लगेच बुटाची नाडी बांधायला वाकला. सुनंदा तर त्यांच्या दारातही जायला तयार नव्हती. राहिले मी.

खिडकीशी जाऊन पाटी वाचली, आणि न बोलता नुसती उभी राहिले. मी न बोलता उभी राहिले! हे ऐकून आमचे हे दोन दिवस हसत होते.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "पाटी वाचता येते वाटतं. कमाल आहे. बोला."

अप्पा सडपातळ, चष्मा कपाळावर, हातात बारीक कानस. समोर पेटी उघडी पडलेली. मी सांगितलं, मी पंपांच्या दुकानातली.

"उत्तम. न्यायला आलात ना?"

"न्यायला नाही अप्पा, हलवायला आले."

"कुठे?"

"इथे. तुमच्या खिडकीखाली."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहून घेतलं. "वहिनी, आपली तब्येत ठीक आहे ना? घरी कोणी काळजी घेणारं?"

"आहे. लिंबं आणायला गेलेत."

"दुपारी एक ते चार रस्ता गप्प असतो," अप्पा म्हणाले, "तेवढ्या वेळात मी सूर लावतो. पितळेची ही एवढीशी पट्टी असते, केसाइतकी घासायची आणि ऐकायचं. ऐकायचं, आणि पुन्हा घासायची. नेमकं तेव्हाच ती बाई संध्याकाळसाठी टाकी भरते. त्या खडखडाटात मला सा कुठला आणि नी कुठला, कळत नाही. लोकांच्या पेट्या मी बेसूर करून देऊ? पंधरवडा झाला, ही एक पेटी पुरी होत नाही. आणि आपण म्हणता, उशाशी आणू."

हे ऐकल्यावर मला त्यांचा राग येईना. हा माणूस झोपमोडीसाठी भांडत नव्हता. त्याचंही पोट त्या दुपारवरच होतं.

मी आजोबांची शतपावली सांगितली, भाकरी सांगितली. अप्पा म्हणाले, "मी पोळी खातो." आता काय करावं? समोर ती उघडी पेटी होती. मी सहज विचारलं, "अप्पा, या भात्याला ही भोकं कसली?"

"हवा आत यायला. भाता उघडला की ही चामड्याची झडप उचलते, हवा आत येते. मिटला की झडप बसते, हवा पुढे सुरांकडे जाते."

"मग भोकं एवढी मोठी कशाला? वाऱ्याला काय, बारीक चाललं असतं."

"चाललं असतं?" अप्पा चिडलेच. "बारीक ठेवलीत तर भाता उघडताना हात जड होतो. हवेला पुरेशी वाट नको? झडप फडफडायला लागते, फर्रर्र. गाणाऱ्याचा ख्याल राहिला बाजूला, लोक तुमची फडफडच ऐकत बसतील. एका शहाण्याने..."

आणि अप्पा थांबले. खिडकीतून बाहेर, भिंतीवरून वळसे घेत गेलेल्या त्या एक इंची पाइपाकडे त्यांची नजर गेली. मी काही बोलले नाही. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

"आत येणारी वाट मोठी पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एक दुपार. शनिवारची. आवाज आला तर पंप माझ्या नजरेसमोरून जाईल, आणि परत येणार नाही. पाणी आलं नाही, तरीही जाईल. मला अर्धवट काम सोसत नाही."

शनिवारी सकाळपासून दत्तू कामाला लागला. सगळा साप काढून अंगणात ठेवला. पंप खिडकीखाली आला, दोन इंची पाइप सरळ हौदात उतरला. पंपाचं तोंड लहान, पाइप मोठा, त्यांना जोडायला मधे एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने उतरता असा तुकडा लागतो. तो चपटी बाजू वर ठेवून बसवायचा, म्हणजे वरती हवेला दडायला कोपरा राहत नाही. दत्तूला मी हे सांगायला गेले तर म्हणाला, "वहिनी, तुमी मला हे झोपेत बी सांगता." वर जाणारा पाइपही थोडा जाड केला. वरून पोरी गॅलरीत ओळीने उभ्या, टॉवेल खांद्यावर. घरमालकही आले होते, कोथरूडहून, इस्त्रीचा शर्ट घालून. आमचे हे सुद्धा आले. मंडईतून थेट, लिंबांसकट.

एक वाजला. अप्पा कट्ट्यावर येऊन बसले. दत्तूने पंपात पाणी भरलं, बूच आवळलं, बटण दाबलं.

आणि काय सांगू? आवाजच नाही! नुसती मोटरची घूंऽऽ, दूर कुठेतरी भ्रमर गेल्यासारखी. पोरींनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "बघा, आमच्या दुकानाचं काम." घरमालकांनी मान डोलावली. सुनंदा जिना चढून धावत गच्चीवर गेली.

वरून तिचा आवाज आला. "काकू! पाणी नाही जी!"

टाळ्या थांबल्या. दत्तूने पंप बंद केला, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा चालू केला. थोडं पाणी चढलं, धार लागली, तुटली. पुन्हा तेच. शांतता, आणि पाणी नाही. तोंड मिटून बसलेला पंप आणि काम करणारा पंप यांतला फरक तुम्हाला दिसत नाही, मला कळतो. कुठूनतरी हवा घेत होता तो. पण कुठून? वर जाणारा पाइप गळला तर पाणी टपकतं, आंधळ्यालाही सापडतं. येणाऱ्या पाइपाची गळती आतल्या अंगाला असते. बाहेर थेंब नाही. पाणी बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. सगळे सांधे कोरडे ठणठणीत. दत्तू एकेक सांधा चाचपत म्हणत होता, "फिट हाय वहिनी. ह्यो बी फिट हाय." मी कान लावून बघितलं. पंप एवढा गप्प केला होता मी, तरी मला काही ऐकू येईना.

चार वाजायला आले. घरमालकांनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला. "मला वाटतं, ठरल्याप्रमाणे..." सुनंदा गच्चीवरून उतरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती. नुसतं बांगडीशी चाळा चालला होता. मी तोंडाने "करतोय गं, करतोय" म्हणत होते आणि तेच कोरडे सांधे पुन्हा पुन्हा पुसत होते.

अप्पा कट्ट्यावरून उठले आणि आत गेले. मला वाटलं, आटोपलं. आता दार लागणार.

ते बाहेर आले उदबत्ती घेऊन. पेटलेली. मनात म्हटलं, पंपाची उत्तरक्रियाच करतात की काय!

"चालू करा," ते दत्तूला म्हणाले. मग उकिडवे बसले आणि ती उदबत्ती एकेका सांध्याजवळून सावकाश फिरवायला लागले. धूर सरळ वर जात होता. पहिल्या सांध्याला सरळ. वळणाला सरळ. हौदाच्या झाकणाशी सरळ. मग तो उतरता तुकडा, चपटी बाजू वर ठेवून बसवलेला, त्याच्या खालच्या अंगाशी अप्पांचा हात आला आणि धूर वाकला. बारीक दोऱ्यासारखा झाला आणि पाइपाच्या सांध्यात आत शिरला. नाहीसाच झाला हो!

"भाता इथे हवा खातोय," अप्पा म्हणाले. "पेटीत फट कुठे आहे ती अशीच शोधतात. डोळ्यांना दिसत नाही, धुराला कळते."

दत्तूने सांधा उघडला. आटे बसताना तिरके चढले होते. त्याने ते साफ केले, नव्याने सुतळी गुंडाळून सफेदा लावला, नीट आवळले. पंपात पाणी भरलं. बटण. अप्पांनी पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला, अप्पांच्या नाकात. ते शिंकले. आणि त्याच वेळी गच्चीवर चढलेल्या पोरींचा असा गलका झाला की कठड्यावरचे कावळे उडाले. टाकीत मनगटाएवढी धार पडत होती. सुनंदा पायरीवरून उठलीच नाही. तिथेच पदर तोंडाला लावून बसली. मग एकदम म्हणाली, "पाटोडीची भाजी करतो आज, बेसनाच्या वड्यांची. सगळे इथंच जेवा." घरमालकांनी घड्याळ बाहीखाली ढकललं.

जेवताना मी अप्पांना विचारलंच. माझ्या तोंडाला कुठे बूच आहे! म्हटलं, "अप्पा, चार वाजलेच होते. तुम्ही नुसते बसून राहिला असतात तर पंप गेलाच होता. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

अप्पांनी घास खाली ठेवला. "वहिनी, माझ्या डोळ्यांसमोर भाता हवा खातोय आणि मी नुसता बसू? आपण मला काय समजता?" मग घास पुन्हा उचलून, "भाजी तिखट आहे. पण बरी आहे." हे सुनंदाला उद्देशून. त्यांच्याकडून इतकं म्हणजे सत्कारच.

तर ही गोष्ट. माझ्या हातून पुष्कळ पंप गेले. काचेच्या इमारतींना गेले, बंगल्यांना गेले, एका स्वामीजींच्या कारंज्याला गेले, ते कारंजं एकदा अध्यक्षांवरच उडालं, ते परत कधीतरी. पण कुणी विचारलं की तुमचं चांगलं काम कोणतं, तर मला तो दोन इंची आखूड पाइप आठवतो. आणि त्यात खरं काम कोणाचं होतं, तेही आठवतं.

खंत म्हणाल तर आहे. दुकान आता नाही. तिथे मोबाइलची कव्हरं विकतात, बावीस रंगांत. ह्यांनाही जाऊन वर्षं झाली. घरात लिंबं मीच आणते आणि पटकन आणते, त्यात मजा नाही. लोक पंप फोनवरून मागवतात. घरी खोकं येतं. खोक्यावर तारे असतात, किती जणांना आवडला त्याचे. पण पाइप केवढा, वळणं किती, पाणी कुठल्या चालीने येणार, हे त्या खोक्याला कोण विचारणार? आणि समोर बसून, चिडून का होईना, "भोकं मोठी का" हे कोण समजावून सांगणार?

अप्पा आहेत अजून. कानाने कमी ऐकू येतं, तरी कपाळावर चष्मा आहे आणि खिडकीत पाटी आहे. सुनंदा दोन्ही वेळचं ताट पाठवते त्यांना, तिखट कमी करून. पंप बसवल्यावर महिनाभराने ते दुकानात आले होते, खास तक्रार घेऊन. म्हणाले, "वहिनी, आता पंप चालू आहे की बंद, काही कळतच नाही. दुपारी पाच-पाच मिनिटांनी उठून हात लावून बघावं लागतं. माझं काम होत नाही."

आम्ही बटणाशेजारी एक लाल दिवा लावून दिला. अप्पा त्याच्याकडे बघत सूर लावतात.

तर तुम्ही परत या. नुसतं "येतो येतो" नको, खरंच या, आणि लवकर या. दुपारी एकनंतर या, म्हणजे टाकी भरायची वेळ असते. माझ्याबरोबर नारायण पेठेत चला. सुनंदाची पाटोडी खाऊ. दिव्यावर मी हात ठेवीन, तुम्ही डोळे मिटून त्या जाड पाइपावर तळवा टेकवायचा आणि सांगायचं, पंप चालू आहे की बंद. आजोबांची चाल ओळखू आली, तर पुढच्या वेळी जिन्याखाली वाकून बघाल. नाही आली, तर पुन्हा या. मला काय, घरी बोलायला कोण आहे? मात्र पाटी वाचा. अप्पांच्या खिडकीशी हळूही बोलू नका.